अमाइनच्या मनोऱ्यावरचे सेतुराव

सेतुराव गेल्याचं मला कारखान्याच्या फाटकावरच कळलं. त्याच संध्याकाळी मी वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी गेलो आणि जे सांगायचं होतं ते न सांगताच परतलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

साठ सालच्या आगेमागे मी पुण्याहून केमिस्ट म्हणून मद्रासला आलो, गिंडीच्या एका कारखान्यात. सोडावॉटरसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड आम्ही कोळशाच्या धुरातून काढत असू. थंड केलेला धूर मनोऱ्यात खालून वर चढे, वरून अमाइन या रसायनाचं द्रावण झिरपत येई आणि धुरातला तेवढाच वायू धरून ठेवी. दुसऱ्या मनोऱ्यात वाफेनं तापवलं की द्रावण तो वायू सोडून देई, आणि निवून पुन्हा पहिल्या मनोऱ्यात जाई. मी हे पुस्तकात वाचलं होतं. सेतुराव, तिथले जुने ऑपरेटर, वर्षानुवर्षं करत आले होते. ते तंजावरचे, पिढ्यान्पिढ्या तिकडे राहिलेल्या मराठी घरातले. त्यांच्या मराठीची नक्कल करून मी मित्रांना हसवत असे... तेही आज आठवतं.

एका उन्हाळ्यात मागणी वाढली. जास्त वायू सुटावा म्हणून मी वाफ वाढवायला सांगितली. सेतुरावांनी काचेच्या नळीत द्रावण आणून दाखवलं. ते काळसर पडू लागलं होतं.

"फार तापवूं नका, सार. तें खराब होतें, मग लोखंड खातें."

मी ऐकलं नाही. व्हॉल्व्ह स्वतः फिरवला. काही आठवड्यांत द्रावण तापवणाऱ्या नळ्यांना भोकं पडली आणि कारखाना बंद ठेवावा लागला. मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावून वाफ कुणी वाढवली ते विचारलं.

"पाळीवर हे होते," मी म्हणालो.

शब्दशः ते खरं होतं. सेतुरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना मनोऱ्यावरून काढून सिलिंडर भरायला बसवलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. मला बढती मिळाली. वाटेत भेटले की तेच आधी नमस्कार करत, आणि मी हातातल्या कागदांत बघत पुढे जाई...

त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीनं मला आत बसवलं. दाराजवळच्या खुंटीला त्यांचा खाकी शर्ट होता. तो काढवत नाही, असं ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "अप्पा घरीं सांगायचे, चूक माझी झाली, पण सारांनी नोकरी वांचवली."

मी त्या शर्टाकडे पाहत राहिलो. मग उठलो आणि निघतो म्हणालो.

म्हणून हे आज इथे लिहिलं. पण तिची शाळा तमिळमध्ये झाली. घरात मराठी बोलतात, वाचता कुणालाच येत नाही. लिहायला बसण्यापूर्वी मला ते माहीत होतं.