काल्याच्या दिवशी मी जे बोललो

देव आहे की नाही, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत कधी पडला नव्हता. लहानपणापासून मृदंग वाजवत आलो, गुरुवारच्या भजनाला बसत आलो. रोजच्या सवयीच्या गोष्टीला माणूस प्रश्न विचारत नाही. तो पडला तेव्हा मी वांग्याच्या वावरात, दोन ओळींच्या मधे बसलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. झाडं चांगली लगडली होती, तोडणी करून माल वर्ध्याच्या बाजाराला पाठवायचा होता, आणि मला हात उचलता येत नव्हता. हात दुखत नव्हता. तो उचलावा असं आतून कुणी सांगतच नव्हतं. पलीकडच्या ओळीतून माझी बायको सुनंदा म्हणाली, "अजी, काऊन बसले?" मी मनातल्या मनात नाम घेऊ लागलो, तर ते नुसते शब्द होते. तोंडातली चव जावी तशी नामातली गोडी गेली होती.

आमच्या भागात शेतकरी गप्प बसला की लोक एकच कारण धरून चालतात, कर्जाचं. माझ्याकडे ते कारण नव्हतं. पीक बरं होतं, विहिरीला पाणी होतं, मुलगी पल्लवी शिकून घरी आली होती, आईवडील आपापल्या वयाला शांतपणे गेले होते. काही घडलेलंच नव्हतं, म्हणून कुणाला काही सांगता येत नव्हतं. नाव नसलेल्या दुःखाची लाज फार वाटते, हे मला तेव्हा कळलं. झोप पहाटे तीनला तुटायची. जेवण पुढे आलं की त्याच्याकडे बघत राहायचो. मृदंगाला शाई लावायची राहून गेली, मग मृदंगच खुंटीला राहिला.

सुनंदानेच मला वर्ध्याला दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती. तिने बरंच विचारलं, मधे मधे थांबून वाट पाहिली, आणि शेवटी सांगितलं की हा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात, गोळ्यांनी आणि बोलण्याने बरा होतो, पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. मी गोळ्या घेतल्या. बोललो मात्र कुणाशीच नाही. गावात पित्ताचा त्रास आहे असं सांगितलं आणि गोळ्या सुपारीच्या डब्यात ठेवल्या. चार महिन्यांत बराच फरक पडला. मग एकदा गावात एक बुवा प्रवचनाला आले. बोलता बोलता ते म्हणाले की नामावर ज्याचा खरा विश्वास असतो त्याला औषधाची गरज पडत नाही. ते मला उद्देशून बोलले नव्हते, त्यांना माझी माहितीही नव्हती. पण मी घरी येऊन गोळ्या बंद केल्या. त्यांना दोष देत नाही. माझ्या लाजेला एक कारण हवं होतं, ते मिळालं.

महिन्याभरात सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जड होऊन. विहिरीवरची मोटर सुरू करायला जाणं मी टाळू लागलो. पाठ दुखते असं सांगून सुनंदाला पाठवायचो. ती जायची, तिला काही संशय आला नाही. मोटरचं बटण विहिरीच्या अगदी काठाशी होतं, आणि तिथे उभं राहिल्यावर माझ्या मनात जे येई त्याची मला भीती वाटत होती. एवढंच लिहितो. त्या दिवसांत देवाला एकच विचारत होतो, की तुझं नाव घेणाऱ्या माणसाच्या मनात हे येतंच कसं?

अशात श्रावणातला सप्ता आला. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, मग दुपारी महाप्रसाद. मी सात दिवसांत एकदाही फिरकलो नव्हतो, पण काल्याला न जाणं बरं दिसत नव्हतं, म्हणून मंडपात मागे जाऊन बसलो. सुनंदा मंदिरामागे बायांसोबत आलू-वांग्याच्या भाजीला लागली होती. दहा वाजले, साडेदहा वाजले, कीर्तनकार महाराजांचा पत्ता नाही. त्यांची गाडी आर्वीच्या अलीकडे कुठेतरी बंद पडली होती. त्याच सुमारास स्टँडवर आर्वीकडे जाणारी एसटीही बिघडली आणि चार-दोन प्रवासी सावलीला, पाण्याला म्हणून मंडपात येऊन बसले. भजनं म्हणून म्हणून लोकांचे गळे बसले होते. आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष नामदेवभाऊ माझ्याजवळ आले.

"तू पह्यले अभंगाचा अर्थ चांगला सांगत होता," ते म्हणाले. "महाराज येईपर्यंत चार शब्द बोल ना बापा. लोकं उठून जाऊन राह्यले."

मी नाही म्हणालो. त्यांनी हाताला धरून उठवलं. त्या काळात मला नाही म्हणून टिकून राहण्याचंही बळ नव्हतं.

माइकसमोर उभा राहिलो. एक पाठ असलेला अभंग मनात धरला होता. पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि ती ओळ निघून गेली. समोर दीडशे माणसं बसलेली. मग मी जे बोललो ते ठरवून बोललो नाही. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं, असंही मी म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. आवाज माझाच होता.

मी म्हणालो, "मले बरं नाई. दोन वर्सं झाले."

पुढे बसलेल्या एकाला वाटलं घसा बसला, त्याने पाण्याचा लोटा पुढे केला. मी लोटा हातात घेतला आणि बोलत राहिलो. वांग्याच्या वावरात हात उचलला नाही ते सांगितलं. पित्त नव्हतं, डोक्याच्या डॉक्टरकडे गेलतो ते सांगितलं. गोळ्या, सुपारीचा डबा, त्या बंद केल्या ते. शेवटी मोटरचं सांगितलं. बायकोला विहिरीवर का पाठवतो ते सांगितलं. माझा आवाज रडका नव्हता. दुसऱ्याच कुणाची हकीकत वाचून दाखवावी तसा मी बोलत होतो, आणि बोलताना मंडपाच्या खांबाला बांधलेली केळीची पानं वाऱ्याने हलत होती, तिकडे पाहत होतो.

भोंगा चालू आहे, हे मी विसरलो होतो. तो पिंपळावर बांधलेला होता आणि अर्ध्या गावाला ऐकू जात होता. मंदिरामागे भाजी ढवळणाऱ्या सुनंदाने माझ्या तोंडून विहिरीचं ऐकलं ते तसं. ती हातात उलथणं घेऊनच मंडपाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे मी एकदाच पाहिलं.

मी थांबलो. नामदेवभाऊ माइककडे निघाले होते, बहुधा मला बसवायला. तेवढ्यात बायांच्या बाजूने मागून एक बाई उठली. साठीची असेल, अंगावर पांढरी साडी, हातात दवाखान्याच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. आमच्या गावची नव्हती, बंद पडलेल्या एसटीतून उतरलेल्यांपैकी होती.

"मी तळेगावची आहो," ती म्हणाली. माइक नव्हता तरी तिचा आवाज पोचत होता, शाळेत शिकवणाऱ्या माणसाचा असतो तसा. "पाणी प्याले आली होती इथं. मी बौद्ध आहो, तुमच्या कीर्तनातलं मले काही समजत नाई. पण हे भाऊ जे सांगून राह्यले, ते मले समजते. मी मास्तरीण होती. रिटायर झाली तवापासून मलेही हेच हाय. ह्या पिशवीत त्याचेच कागद आहेत, आज वर्ध्याहून तपासून येऊन राह्यली."

मग ती थेट माझ्याकडे वळली. "गोळ्या बंद केल्या तुम्ही. कोनाले इचारून?"

मंडपात सगळ्यांसमोर, वर्गातल्या पोराला विचारावं तसं तिने विचारलं. मी म्हणालो, "कोनालेच नाई."

"मंग उद्याच जा डॉक्टरकडे. आनि एकटे नोका जाऊ." तिने सुनंदाकडे पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण उलथणं घेऊन उभी असलेली बाई कोण आहे हे तिला कळलं असावं. "बाई, तुम्ही जा संगं. आनि मोटर पोराले, शेजाऱ्याले, कोनालेही सुरू कराले लावा. ह्या भाऊले नोका लावू."

यानंतर जे झालं ते मी क्रमाने सांगू शकत नाही. आमचा टाळकरी गणपत उठला आणि म्हणाला की त्याची बायको बाळंतपणानंतर वर्षभर कुणाशी बोलली नव्हती, आणि त्यांनी ते अंगात आलं म्हणून लपवलं होतं. दुधाची डेअरी चालवणाऱ्या एका धिप्पाड माणसाने सांगितलं की गर्दीत गेलं की त्याचा श्वास कोंडतो, आत्ताही कोंडून राह्यला. हे सांगताना त्याला हसू आलं, आणि लोकही हसले. एक म्हातारी नुसती रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. पाऊण तास असा गेला. मग महाराज आले, कीर्तन झालं, दहीहंडी फुटली. महाप्रसादाच्या पंगतीत मी पोटभर जेवलो. ती मास्तरीण तोवर दुसऱ्या एसटीने गेली होती. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

सगळं गोडच झालं असं नाही. नामदेवभाऊ दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. "देवाच्या मंडपात असं बोलतात काय?" हे त्यांनी मला नाही, दुसऱ्यांना विचारलं. पल्लवीसाठी सिंदी मेघे गावच्या एका घरी बोलणी चालली होती, ती थांबली. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. सुनंदा त्यावरून माझ्यावर फार चिडली. ती विहिरीवरूनही चिडली होती, आणि तो राग खरा होता. "मले एकटीले सांगता आलं नाई, अन् भोंग्यावर सांगितलं," असं ती कितीतरी दिवस म्हणत राहिली. मी ऐकून घेतलं. पल्लवी तिला एकदा म्हणाली, "आई, ज्याईले बाबाचं ऐकून भेव वाटलं, त्याईच्या घरी मी काय करू?" त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

पण दुसऱ्या दिवशी सुनंदा माझ्यासोबत वर्ध्याला आली होती. गोळ्या परत सुरू झाल्या. डॉक्टरीण रागावली नाही, फक्त म्हणाली की या वेळी बोलणंही सोडू नका.

दीड महिन्याने त्याच दवाखान्यात, रांगेतल्या बाकावर मला ती मास्तरीण दिसली. मी हात जोडले. त्या दिवशी तुमच्या रूपाने देवच उभा राहिला, असं काहीसं मी म्हणालो असेन. तिने मान हलवली.

"देव-बिव मले काई म्हनू नोका भाऊ," ती म्हणाली. "मी कोनालेच सांगितलं नव्हतं. माह्या सख्ख्या भावाले माहीत नाई. पोरीले सांगत होती की बीपी तपासाले चालली. त्या दिवशी तुम्ही बोलले, तवा मले वाटलं, हा मानूस इतक्या लोकाईसमोर बोलून राह्यला, आनि मी मास्तरीण असून पिशवी लपवून बसली. म्हनून उठली मी. माह्ये पाय कापत होते, तुम्हाले दिसलं नाई काय?"

मला दिसलं नव्हतं. मला ती भक्कम दिसली होती. आम्ही बराच वेळ तिथे शेजारी बसून राहिलो. तिचा नंबर आला तेव्हा ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "पोरीले सांगितलं मी, त्या रात्रीच."

माझ्याकडे कृपा आली ती तिच्या रूपाने, असं मी धरून चाललो होतो. तिच्याकडे काय आलं आणि कोणाच्या रूपाने, याचा मी विचारच केला नव्हता. तो विचार आला तेव्हा मनातला एक जुना हिशेब गळून पडला. देव एका बाजूला बसून दुसऱ्या बाजूला देतो, असं मी समजत आलो होतो. त्या मंडपात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मला आजही वेगळं करता येत नाही. आणि करावंसंही वाटत नाही.

आता गुरुवारचं भजन संपलं की अर्धा तास आम्ही तसेच बसून राहतो. कुणी ठरवलं नाही, ते होत गेलं. ज्याला बोलायचं तो बोलतो. कुणी कुणाला उपदेश करत नाही, औषध सोड असं कुणी म्हणत नाही, आणि इथलं बोलणं बाहेर नेत नाही. मास्तरीणबाई अधूनमधून एसटीने येतात, आमची भजनं संपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसतात आणि मग आत येतात. नामदेवभाऊही आता बसतात. ते अजून काही बोललेले नाहीत, पण शेवटपर्यंत थांबतात आणि सगळे गेल्यावर सतरंजी स्वतः घडी करतात. गेल्या गुरुवारी घडी करता करता ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या गुरुवारी माह्यं थोडं आयकजो." मी म्हणालो, आयकतो.

शरण जाणं म्हणजे आपलं दुःख गुपचूप देवाच्या पायाशी ठेवून रिकाम्या हाताने उठणं, असं मला वाटायचं. माझ्याच्याने ते झालं नाही. मला ते लोकांमध्ये, मोठ्याने, लाज सोडून ठेवावं लागलं. देवानेही ते चालवून घेतलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. आजार पूर्ण गेलेला नाही. काही सकाळी अजून जड असतात. पण त्या सकाळी मी नाम घेतो तेव्हा उत्तर येईल का, याची वाट पाहत नाही. सुनंदा चहा ठेवते, "आज कसं वाटते?" विचारते, आणि मी खरं ते सांगतो.