आकारामाने ओळखलेला वस्तरा

आष्ट्याच्या बाजारात माझं शिवणयंत्र आणि आकाराम न्हाव्याची धोकटी यांच्यामध्ये एका लिंबाच्या बुंध्याएवढंच अंतर होतं. त्यामुळे निम्म्या गावाच्या दाढ्या मी कापड बेतता बेतता पाहिल्या, आणि निम्म्या गावाने दाढी करून घेता घेता माझ्या शिलाईला नावं ठेवली. आकाराम स्वतः माणसांना कधी नावं ठेवत नसे. तो वस्तऱ्यांना ठेवी, आणि अशी ठेवी की ते घडवणाऱ्याने ऐकलं असतं तर धंदाच बदलला असता.

कुणी वस्तरा दाखवायला आणला की तो आधी हातावर तोलायचा. मग पात्याला नखाने टिचकी मारून ते कानाशी धरायचा. जर्मन पातं दोन्ही अंगांनी कोरून पातळ केलेलं असतं, ते बराच वेळ गुणगुणतं. इंग्रजी पातं जाड, ते एकदा ठणकन बोलतं आणि गप्प होतं. आमच्या अर्जुना लोहाराने झिजल्या कानशीतून ठोकून काढलेला गावठी वस्तरा असेल तर तो बोलतच नाही.

"भाऊसो," तो मला सांगायचा, "जर्मन म्हंजी बड्या घरची सून. काम झ्याक, पर एकदा का धार रुसली की समजूत घालता घालता दिस जातुया. इंग्रजी जड, पर कुणाच्याबी हाताला वळतुया. आन् अर्जुनाचा वस्तरा म्हंजी आपला बैल. सांजंला दमतुया, पर सकाळी परत हुबा."

"आणि लढाईतला माल?" मी विचारायचो.

"त्याचं नगं सांगूस. घाईत क्येल्यालं लोखंड. भोपळ्याची साल निघंल, दाढी न्हाई."

त्याच्या या पारखीवर आसपासच्या गावांचा भरवसा होता. दुसऱ्या गावचे न्हावीसुद्धा नवा वस्तरा घ्यायच्या आधी त्याच्याकडे यायचे. आकाराम वस्तऱ्याला चुकत नाही, असं लोक सहज बोलून जायचे.

त्याचा एकुलता एक मुलगा ज्ञानू. एक्केचाळीस साली पलटणीला न्हावी हवेत म्हणून भरती निघाली, तेव्हा तो गेला. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. निघताना आकारामाने घरातला एकुलता जर्मन वस्तरा त्याच्या पुढ्यात ठेवला. पोराने तो परत सारला आणि अर्जुनाचा गावठी उचलला. "तिकडं धारंचा दगड मिळंल, न मिळंल. ह्यो आपला तळहातावर घासला तरी चालतुया," म्हणाला. आकारामाला तेव्हा पोराच्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

मग तो इटलीत गेला, आणि तिकडून सरकारचं कळवणं आलं की ज्ञानूचा ठावठिकाणा लागत नाही. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. सरकारला दोन्हीतलं एक सांगायला काय झालं होतं, ते सरकारच जाणे.

लढाई संपली आणि आमच्या वाळवे तालुक्यात घरोघरची पोरं परतू लागली. पलटणीत पत्तीने आपली आपण दाढी करायला शिकली होती लेकाची, तरी प्रत्येकाच्या पेटीत एखादा परमुलखातला वस्तरा असायचाच. कुणी विकत घेतलेला, कुणी कैद झालेल्या जर्मनाकडून मिळवलेला. तो घेऊन सगळे लिंबाखाली यायचे आणि माझा भारी की तुझा भारी यावर पैजा लावायचे. आकाराम एकेक वस्तरा उघडायचा, तोलायचा, टिचकी मारायचा आणि हलकेच म्हणायचा, "न्हवं." पोरांना वाटायचं, म्हातारा मालाला नाक मुरडतो आहे.

मला मात्र त्याने सांगितलं होतं. पलटणीत मेलेल्याचं सामान सोबती आपसांत वाटून घेतात, असं त्याच्या कानावर आलं होतं.

"न्हावी जित्तेपणी आपला वस्तरा दुसऱ्याला देत न्हाई, भाऊसो. आन् मेल्यावर चांगलं हत्यार कोण मातीत टाकतुया? ज्ञानू गेला आसंल तर त्यो वस्तरा कुणाच्या तरी पेटीतनं हिकडं येणारच. आला न्हाई, तवर पोरगं हाय."

हा असला हिशेब न्हाव्यालाच सुचावा. मी त्याला किती वेळा म्हटलं की बाबा, जग एवढं मोठं, एक वस्तरा आष्ट्यालाच कसा येईल? तो ऐकून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवा शिपाई आला की हात पुढे करायचा.

या हिशेबात भरडली जात होती ती सून, बनाबाई. तिचा बाप हरिबा जतकडचा. तो दरसाल यायचा आणि दारात बसून राहायचा. त्यांच्यात बाईचा पाट लागतो, दुसरा संसार करता येतो. कवठ्याचा एक बिजवर, सालस माणूस, तिच्यासाठी थांबायला तयार होता. पण नवऱ्याचे दिवस घातल्याशिवाय पाट कसा लागणार? जातीतली चार शहाणी माणसं म्हणत, "बापच पोरगं मेलं म्हणंना, मग आमी कसं म्हणावं?" म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं आकारामाच्या एका शब्दावर.

मला त्याचा राग यायचा. एकदा मी कातर आपटून म्हणालो, "आरं, तुझी आशा तू खुशाल जप. तिच्या जिवावर कशाला?" तो पट्ट्यावर वस्तरा परजत राहिला. पूर्वी तो सपासप परजायचा, आता प्रत्येक फेरीला दम घेत होता. आशेनेही माणूस थकतो, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो.

बनाबाई बोलायची नाही. भांगलणीला जायची, दुपारी सासऱ्याची भाकरी घेऊन यायची, तो जेवेपर्यंत बुंध्याला टेकून बसायची. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एकदा अशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. पदर मागे सरला. आकाराम भाकरी मोडता मोडता थांबला आणि तिच्या डोक्याकडे बघत राहिला. जन्मभर केसांतच वावरलेला माणूस तो. भांगाच्या कडेला पांढरे केस आले होते, ते मला त्याच्या नजरेमागून दिसले.

"पोरगी पिकाय लागली, भाऊसो," तो म्हणाला. उरलेली भाकरी त्याने तशीच फडक्यात बांधली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बागणीचा लालासाहेब हवालदार आला. हाही इटलीतून आलेला, ज्ञानू होता त्याच मुलखात होता म्हणे, पण ओळख नव्हती. त्याने खिशातून एक वस्तरा काढला. मूठ तुटून गेली होती, नुसतं काळं पडलेलं पातं उरलं होतं.

"छावणीत पडल्याला गावला. कुणाचा, ठावं न्हाई. बगा, कामाचा हाय का."

आकारामाने तो तोलला. टिचकी मारून कानाशी नेला. मी यंत्र थांबवलं होतं, त्यामुळे मलाही ऐकू आलं. पातं बारीक, लांब गुणगुणलं. चोख जर्मन. आता 'न्हवं' म्हणणार, म्हणून मी पुन्हा चाकाला हात घातला.

त्याने ते पातं फडक्याने पुसून समोर ठेवलं. मग म्हणाला, "माझ्या ज्ञानूचा हाय."

लालासाहेबाचा चेहरा पडला. "काका, मला खरंच ठावं नव्हतं..."

"तुझा काय दोस, बाबा? तू आणलास, लय उपकार झालं."

हवालदार गेल्यावर मी उठून ते पातं उचललं. पात्याच्या बुडाशी झिजलेली परदेशी अक्षरं होती. अर्जुना लोहाराला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

"आकाराम, हा तर..."

"गप ऱ्हा, भाऊसो." एवढ्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदाच ओरडला. मग पुढे पाय पसरून बसला. "मला वस्तरा वळखायचा कटाळा आला. पोरगं जित्तं आसंल तर ईल आपल्या पायानं, तवा बगू. हिनं कुटवर बसायचं?"

माझे डोळे भरून आले आणि रागावलेल्या तोंडाचं काय करावं ते मला कळेना.

गावाने शंका घेतली नाही. आकाराम वस्तऱ्याला चुकत नाही! दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला बागणीचा न्हावी आला आणि त्याने आकारामाचं डोकं भादरलं. गावातल्या कितीतरी बापांची डोकी आकारामाने अशी भादरली होती, पण स्वतःचं पुढे करताना त्याला मान खाली घालायला वेळ लागला. बनाबाई बायकांमध्ये बसून होती. ती रडली, पण बायकांनी आधी रडवल्यावर.

ऊस तुटून गेल्यावर हरिबा लेकीला न्यायला आला. गाडी जुंपलेली होती. मी आकारामाच्या दारात उभा होतो, कारण त्याला एकट्याला तिथे ठेवणं माझ्याच्याने होईना. बनाबाईने उंबऱ्याबाहेर येऊन सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. उठली, पण गाडीकडे गेली नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "त्येंचा वस्तरा मी हातानं पुसून धोकटीत घातल्याला. त्येचं पातं मला ठावं हाय."

आकाराम खाली बघत होता.  आत्ता ही थांबते म्हणाली, तर म्हाताऱ्याने सगळं कशासाठी केलं?

"तुमी वस्तरा वळखण्यात कवा चुकला न्हाईसा," ती म्हणाली. "मग ह्या येळंला कसं चुकलासा?"

"म्हातारा झालो, पोरी. चुकायचंच."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं.

"मग जाऊ मी?"

"जा."

"आन् त्ये आलं तर?"

आकारामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आला तर मी सांगीन त्येला," तो म्हणाला, "म्हणीन, बापानं तुला मारला. हिनं न्हाई."