पिंपाच्या आतली कड

लेकीला सातवा लागला आणि आमच्या गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. पण तिच्या सासरहून, कर्नाटकच्या हद्दीवरल्या दुधनीहून विहीणबाईंचा फोन आला, "तुमच्याकडं डेंगू हाय म्हनत्यात. पोरीला कशी पाठवू, सांगा की." मी म्हटलं, "आमचं घर आरशासारखं आहे." फोन ठेवला आणि नवऱ्यावर उगाच ओरडले.

दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याच्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या, डोक्याला रुमाल, हातात टॉर्च. त्यांनी थेट मोरीतल्या पिंपात उजेड पाडला. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे पिंप म्हणजे घरातलं निम्मं दैवत.

"आळ्या आहेत," बाई म्हणाल्या.

माझा पारा चढला. "हे प्यायच्या लायकीचं पाणी आहे. आळ्या बघायच्या तर गटारात बघा!"

बाईंनी वाटीत पाणी घेऊन दाखवलं. बारीक आळ्या वळवळत तळाला पळत होत्या. गटारातला डास वेगळा, त्या म्हणाल्या. तो तपकिरी, रात्री कानाशी गुणगुणणारा. डेंग्यूचा डास काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, आणि त्याला लागतं असंच साठवलेलं स्वच्छ पाणी. चावते ती फक्त मादी, अंडी पोसायला रक्त लागतं म्हणून. नर झाडाझुडपांचा रस पिऊन राहतो.

"बिचारा," नवरा आतून म्हणाला. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पिंप रिकामं करा, असं सांगून बाई गेल्या. पाणी यायला तीन दिवस होते. भरलेलं पिंप ओतून देईल अशी बाई सोलापुरात अजून जन्मायची आहे. मी जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून सगळं पाणी घागरींमध्ये गाळलं, पुन्हा पिंपात ओतलं आणि स्वतःवर खूश झाले.

आठवड्यानं बाई परत आल्या. पिंपात पुन्हा आळ्या.

मला रडूच आलं. गल्लीतलं कुणी बघेल म्हणून नाही, लेक येणार नाही म्हणून. बाईंनी माझा हात धरून पिंपाच्या आतल्या कडेवर बोट फिरवायला लावलं. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, खसखशीहून बारीक काळे ठिपके चिकटले होते.

"ही अंडी. मादी ती पाण्यात सोडत नाही, ओल्या कडेला चिकटवते. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी वर चढलं की फुटतात. तुम्ही पाणी गाळलं, पण कड घासली नाही."

म्हणजे दर पाचव्या दिवशी मीच पिंप काठोकाठ भरून त्यांना जन्माला घालत होते. संताप आला आणि, खरं सांगते, त्या मादीचं थोडं कौतुकही वाटलं.

पाणी घागरींमध्ये गाळून मी काथ्यानं पिंप आतून घासलं, गच्चीवर उन्हात कोरडं केलं, भरल्यावर तोंडाला फडकं बांधलं. दर आठवड्याला हाच कार्यक्रम. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत बाईंना एकही आळी मिळाली नाही. मी लगेच दुधनीला फोन लावला.

विहीणबाई लेकीला घेऊन स्वतःच आल्या, खात्री करायला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. टॉर्च हातात दिला आणि पिंपापाशी नेलं. कड कुठे बघायची, अंडी कशी दिसतात, सगळं सांगितलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"निर्मळ हाय," त्या म्हणाल्या. मग टॉर्च बंद करून हळूच, "आमच्याकडं दोन पिंपं हायत. मी कदी आत बघितलंच न्हाय."

लेक खुर्चीत बसली होती, पोटावर हात ठेवून. पोटुशीपणाचे सात महिने ती त्याच दोन पिंपांच्या घरात राहिली होती. महिनाभर विहीणबाईंसाठी मी चार चांगले टोमणे तयार ठेवले होते. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. त्यांनी फोन काढला आणि त्या आपल्या लेकाला कानडीत काहीतरी भराभर सांगू लागल्या. मला शब्द कळले नाहीत, पण मोकळा हात हवेत गोल गोल घासत होता.