बिस्मिल्लाहवाचून अडलेलं पाणी

टेस्ट ट्यूबमधलं पाणी पिवळं व्हायला हवं होतं. झालं नाही. आम्ही औषधाचे थेंब टाकतो; पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू मारणारा क्लोरीन आहे असं समजायचं. हे पाणी मात्र काचेसारखं नितळ राहिलं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, त्यात दुष्काळ. मी पाणीपुरवठ्यात केमिस्ट. जुन्या विहिरीच्या पाण्यानं नवी टाकी भरली होती. नळांवर घागरींची रांग, उद्घाटनाच्या मांडवात पाहुणे. आणि क्लोरीनसाठी टाकायची ब्लीचिंग पावडर निघाली दमट, निकामी.

"मॅडम, सोडू द्या पाणी. लोक तहानलेत," इंजिनिअर साहेब म्हणाले.

"सर, गॅस्ट्रोची साथ येईल."

"एका दिवसानं काही होत नाही. शिवप्पा, फिरव चाक!"

शिवप्पा आमचे व्हॉल्व्हमन, कपाळाला भस्म. आधीच्या टाकीवर रोज टेस्ट झाली की मी बिस्मिल्लाह म्हणायचे, मग ते व्हॉल्व्हचं चाक फिरवून पाणी सोडायचे. बिस्मिल्लाह म्हणजे अल्लाहच्या नावानं सुरुवात. घास घेताना, कुलूप उघडताना आपण म्हणतो. पण वाईट कामाआधी ते नाव घ्यायचं नाही, असं अम्मीनं शिकवलं होतं. मी ती नितळ ट्यूब हातात धरून तशीच उभी राहिले.

"मॅडमचं बिस्मिल्ला न्हाई झालं, साहेब," शिवप्पा म्हणाले.

"अरे, तू लिंगायत. तुला काय त्याचं?"

"माझ्या देवाचं नाव घरूनच घेऊन आलोय. हे पाण्याचं हाय."

"मग मीच म्हणतो. बिस्मिल्लाह! फिरव."

"तुम्ही कवा तपासलं पाणी, साहेब?"

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही टेंपररी आहात, लक्षात ठेवा."

"लक्षात आहे, सर. जीप द्या. चाकूरहून पावडर आणते."

शिवप्पा चाकाला हात लावेनात, तेव्हा जीप मिळाली. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "पाणी हाय अन् देईनात! लई शिकलेली दिसती!" मी जीपमध्ये चढले.

पावडर आणली, टाकीत मिसळली, अर्धा तास थांबले, पुन्हा थेंब टाकले. पिवळं! मी मांडवापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम." शिवप्पांनी चाक फिरवलं. मांडव तोवर रिकामा झाला होता, रांग मात्र हलली नव्हती.

त्या उन्हाळ्यात आसपास गॅस्ट्रो पसरला. आमच्या टाकीवरच्या एकाही घरात नाही. पुढे मला पर्मनंट करताना शिफारस त्याच साहेबांनी केली.

मुलांनो, तुम्ही कामाला बसताना बिस्मिल्लाह म्हणता, याचा मला अभिमान आहे. पण एखाद्या दिवशी म्हणताना जीभ अडखळली, तर हात मागे घ्या आणि काम आधी तपासा.