लाल फितीचं झाड

लॉकडाऊनमध्ये लोकांनी केक केले, योगासनं केली. मी सिडनीतल्या एका टेकडीवर मन लावून तण वाढवलं.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे जेमतेम सदुसष्टची. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वयच ते! लेकीकडे, सिडनीच्या पेंडल हिल नावाच्या उपनगरात आले आणि विमानं बंद झाली. लेक म्हणाली, मूळ पेंडल हिल इंग्लंडात आहे. मोठा उघडा डोंगर, वर वारा आणि पायवाटा. आमच्या वाट्याला घरामागची नाकाएवढी टेकडी आली. पण पायवाट होती, आणि व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती.

पुण्यात आम्ही टेकडीवाले रिकाम्या हातानं चढत नाही. प्रत्येकाची पाण्याची बाटली, प्रत्येकाचं ठरलेलं रोप. तिकडे माझ्या रोपाकडे कोण बघत असेल, या विचारानं जीव कासावीस व्हायचा. अशात वळणावर एक दिसलं. चकचकीत पानांचं, बुंध्याला लाल फीत. म्हणजे कुणीतरी हौसेनं लावलेलं आणि आता पोरकं झालेलं! मी लगेच दत्तक घेतलं.

नात म्हणाली, "आज्जी, रिलॅक्स. इथली झाडं आपापलं पाणी पितात."

"तू पितेस का आपापलं दूध? ग्लास घेऊन मागे धावावं लागतं!"

गुडघ्याएवढं झाड कमरेला लागलं. मी त्याच्याशी बोलायचे. जावयाच्या कागाळ्यासुद्धा सांगायचे.

मग निर्बंध सैल झाले. एका सकाळी तिथे माझ्याच वयाची एक गोरी बाई उभी, हातात करवत. मी धावत जाऊन झाडाला पाठ लावली. "माय ट्री!"

तिनं करवत खाली ठेवली आणि शांतपणे समजावलं. हे बाहेरून आलेलं तण, इथल्या झाडांना जगू देत नाही. लाल फीत म्हणजे काढून टाकायचं. तण काढणाऱ्या त्यांच्या मंडळींना जमायला बंदी होती, म्हणून राहून गेलं.

मी बाजूला झाले. बाटली लपवायला पदरही नव्हता, लेकीची ट्रॅकपँट घातलेली. ती बाटलीकडे बघत राहिली, मग झाडाकडे, आणि इतकी हसली की मास्क घसरला. म्हणाली,

"एवढं धडधाकट तण मी आजवर पाहिलं नाही. करवत मी चालवते, तू तिकडे बघ. आणि उद्या ही बाटली घेऊन ये, वरती आम्ही लावलेली रोपं पार सुकलीत."