काळबांड्यांच्या घरातली कोरड

चांदूर रेल्वेत कोणी गेलं, की घरचे लोक आधी लाकडांचं बघत आणि मग देवमनराव काळबांड्यांना फोन लावत. देवमनराव पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर शोकसभेत बोलणं हेच त्यांचं काम झालं होतं. आमच्याकडे सरण पेटलं म्हणून मंडळी लगेच उठत नाहीत. मोक्षधामाच्या टिनाच्या शेडखाली बसतात, गेलेल्याविषयी चार जण बोलतात. चौघांत देवमनराव शेवटचे. "आज माझे शब्द मुके झाले आहेत," असं म्हणून ते सुरुवात करत आणि पुढे अर्धा तास थांबत नसत. गेलेला माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं काही नव्हतं. त्याचं नाव, हुद्दा आणि पोरं कुठं नोकरीला आहेत, एवढं शेडकडे चालता चालता विचारून घेतलं की त्यांचं भागे. "पोरकं" हा शब्द आला की डाव्या डोळ्यातून पहिला थेंब निघे, उजवा त्याच्या मागोमाग. ते बघून बापाला जिवंतपणी पाणीही न विचारणारे मुलगे हुंदके देऊ लागत.

मी त्यांच्या समोरच राहतो. भाषण झाल्यावर ते दारातूनच मला विचारत, "कसं झालं?" रडून आलेला माणूस इतका प्रसन्न मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग एका उन्हाळ्यात त्यांचं पाणी आटलं. गावातले एक जुने मुख्याध्यापक वारले होते, गर्दी मोठी होती, अमरावतीहूनही लोक आले होते. देवमनराव उभे राहिले, शब्द मुके झाल्याचं त्यांनी सांगितलं, आणि खरंच तसं व्हायला लागलं. जीभ टाळूला चिकटत होती. "सरांच्या जाण्यानं जी पो... पो... पो..." पोकळी काही तोंडातून निघेना. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "गाडी आली काय फाटकात?" आणि शोकसभेत हसू पसरलं. "पोरकं" म्हणून झालं, दोनदा म्हणून झालं, पण डोळे कोरडे ठाक. त्यांनी रुमालाने चोळून पाहिले तर नुसते लाल झाले. मुख्याध्यापकांची सून घरी जाऊन म्हणाली, काळबांडे काका पिऊन आले होते.

हे त्यांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी ते अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, तोंड कोरडं पडतं का विचारलं आणि सांगितलं, की शोग्रेन नावाचा एक आजार असतो, तो आहे का ते बघावं लागेल. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करतात आणि त्या सुकवून टाकतात. अकोल्यात डॉक्टर आरती खंडारे यावर संशोधन करतात, त्यांना दाखवा. निघता निघता डॉक्टर असंही म्हणाले, की हा आजार बहुतेक बायकांना होतो.

हे शेवटचं वाक्य देवमनरावांनी गावात आणलं नाही. ते दोन दिवस घराबाहेरच पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाने, अंकुरने, फोनवर सांगितलं, की बाबा, पुरुषांना हा आजार फार क्वचित होतो, दहा रोग्यांत एखादाच पुरुष. तिथून त्यांचा चेहरा पालटला. संध्याकाळी ते बुधाजीच्या चहाच्या टपरीवर ताठ बसून समजावत होते.

"आपले पोलीस आपल्याच घरात घुसले आन घरमालकालेच मारून राहिले, असा हा आजार आहे बुधाजी."

"कोन्त्या ठाण्याचे?" बुधाजीने गाळणी झटकत विचारलं.

"उदाहरन देऊन राहिलो मी. जागतिक संशोधन आहे हे. अन् पुरुष मानसाले झाला म्हंजे लय दुर्मिळ केस. डॉक्टरच वाट पाहून राहिले माही."

आठवड्याभरात गावाला आजाराचं नाव पाठ झालं, अर्थात आपल्या पद्धतीने. कोणी शोगरीन म्हणे, कोणी सागरीन. लोक भेटायला येऊ लागले. देवमनराव काळा चष्मा लावून ओसरीत बसत आणि दर वाक्यानंतर पाण्याचा घोट घेत. त्यांच्या पत्नी, वच्छलावयनी, आल्यागेल्याला चहा करत आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या स्वतःही तांब्याने पाणी पीत. तिकडे कोणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं.

अकोल्याला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. एवढ्या मोठ्या प्रसंगाला साक्षीदार हवा. वयनी आल्या त्या डबा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला.

डॉक्टर आरती तिशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. देवमनरावांनी आपण वक्ते असल्याचं सांगितलं, त्या "बरं" म्हणाल्या. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली. ती किती भिजते त्यावरून अश्रू मोजतात. मग हातात एक पेला दिला आणि सांगितलं, पंधरा मिनिटं गप्प बसायचं, काही गिळायचं नाही, तोंडात येईल ती लाळ यात पडू द्यायची. लाळेचं जाऊ द्या, पंधरा मिनिटं गप्प बसणं देवमनरावांना जन्मात जमलेलं नव्हतं. दर दोन मिनिटांनी ते पेला बाजूला धरून विचारत, "आतापर्यंत कसं काय?" नर्सने शेवटी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कोरडं बिस्कीट पाण्याशिवाय गिळता येतं का?" आणि समोर पुडा ठेवला. देवमनरावांनी एक खाल्लं, जरा घशाशी अडलं, पण गेलं. डॉक्टरांनी सहज पुडा वयनींकडे केला.

"मले नको बाई. पाण्याबिगर नाई उतरत मले. भाकर बी नाई."

डॉक्टरांचा हात पुड्यावरच थांबला. "कधीपासून?"

"अंकुरचं लग्न झालं तवापासून."

"म्हंजे सात-आठ वर्षं," मी म्हणालो, कारण त्या लग्नात मी पंगत वाढली होती.

"तिचं सोडा डॉक्टर," देवमनराव म्हणाले. "तिले सवय आहे."

डॉक्टरांनी सोडलं नाही. त्यांनी वयनींना खुर्चीवर बसवलं, तोंड उघडायला सांगितलं. अर्धे दात नव्हते. अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरने एकेक करून काढले होते आणि दर वेळी विचारलं होतं, गूळ फार खाता का. डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं म्हणून एकाने चष्मा बदलून दिला, पुढच्या वर्षी दुसऱ्याने तो पुन्हा बदलला. सांधे दुखतात म्हटल्यावर तिसऱ्याने वयाचं कारण दिलं. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा तुकडा पाहिला. हे दात, डोळे आणि सांधे एकाच बाईचे आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"घरी कोणाला सांगितलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगतलं ना. याहीले सांगतलं. हे म्हने, नखरे आहेत."

देवमनराव भिंतीवरचा शरीराचा नकाशा वाचू लागले.

मग डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही कोणती औषधं घेता?"

"काईच नाई. मी औषधाच्या विरोधात आहे."

"खोटं काहून सांगता?" वयनी म्हणाल्या. "थे सर्दीची पिवळी गोळी घेता ना सकाळ-संध्याकाळ. दोन-दोन. मसनातल्या धुरानं शिंका येतात म्हून. दुकानातून सरळ पाकीटच आनता."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, मान डोलावली आणि ती बंद करायला सांगितलं. रक्त दोघांचं घेतलं. वयनींच्या खालच्या ओठाच्या आतून तपासणीसाठी एक कणभर तुकडाही काढला. टाका पडला, त्यांनी हूं की चूं केलं नाही. देवमनरावांना मात्र ते पाहून घेरी आली आणि त्यांना बाकावर आडवं करावं लागलं.

निकालाच्या दिवशीही मी होतो. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"काकू, आजार तुम्हाला आहे. रक्तात आणि ओठाच्या तपासणीत, दोन्हीकडे स्पष्ट आहे. पूर्ण बरा होत नाही, पण सांभाळता येतो. डोळ्यांत थेंब, लाळ सुटायची गोळी, आणखी एक गोळी, आणि अधूनमधून तपासणी. ती चुकवायची नाही. काका, तुम्हाला काही नाही. कोरड त्या सर्दीच्या गोळीने येत होती."

देवमनराव निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखे बसून राहिले.

"म्हंजे मले नाई?"

"नाही. चांगली बातमी आहे."

"तपासनीत चूक होऊ शकते ना? पुन्हा पाहा ना एकडाव."

"काका, गोळी बंद केल्यापासून कसं वाटतंय?"

"बरं वाटते," ते अत्यंत नाराजीने म्हणाले. मग पुढे सरकून, आवाज खाली आणून, "पन तुमच्या संशोधनात पुरुष कमी आहेत ना. मी नुसता नावाले राहिलो तर?"

"ज्यांना आजार नाही त्यांना त्यात घेता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काकूंना घेणार आहे, त्यांची तयारी असेल तर."

मग त्या वयनींकडे वळल्या. वऱ्हाडातल्या बायकांचा हा आजार कळायला इतकी वर्षं का लागतात, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तुमच्या बाबतीत उशीर का झाला, त्यांनी विचारलं.

"दवाखाना लांब पडते," देवमनराव म्हणाले.

"काकूंना विचारलंय."

वयनींनी बाटलीतला घोट घेतला. ओठाचा टाका अजून दुखत असावा, त्या हळू बोलल्या. "दवाखाना काई लांब नोता. दवाखान्यात तं मी किती बार गेली. घरात आयकाले कोनी नोतं."

परतीच्या गाडीत देवमनराव मूर्तिजापूरपर्यंत गप्प होते. पेला हातात असतानाही एवढे गप्प राहिले नव्हते. मग म्हणाले, "आता गावात काय सांगू?"

"मले झालं थे सांगा," वयनी म्हणाल्या.

"तुले झालं, त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

हे ते रागाने बोलले नाहीत, त्यांना खरंच कळत नव्हतं. वयनी खिडकीबाहेर पऱ्हाटीची शेतं बघत बसल्या. मी झोपेचं सोंग घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी काळा चष्मा कपाटात ठेवला. वयनींना तिखट सोसत नाही, हे आता डॉक्टरने सांगितल्यामुळे खरं ठरलं. त्याआधी कितीतरी वर्षं भाजी मिळमिळीत झाली म्हणून ताट सरकवलं जात होतं. आता ते आपल्या वाटीत वरून तिखट घालून घेत, पण येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवून घेत. ज्या दिवशी वयनींना अंथरुणातून उठवत नसे, त्या दिवशी ते खिचडी लावत. खिचडी खाली लागे, आणि तिची बातमी बुधाजीच्या टपरीपर्यंत जाई.

गोळी बंद झाल्याने शिंका परत आल्या, आणि शिंकांच्या मागून अश्रूही आले. धामणगावात एक अडत्या वारला तेव्हा देवमनरावांना बोलावणं आलं. शब्द मुके झाले, मग ते नेहमीच्या वाटेने निघाले आणि मध्येच वळले. "मृत्यूचं दुःख मला विचारा," ते म्हणाले, "माझ्या घरात माझी अर्धांगिनी अश्रूविना रडते आहे." पुढे पेशी आल्या, पोलीस आले, बायकोच्या ओठाचा तुकडा आला, त्यांना स्वतःला आलेली घेरी आली, आणि रात्रंदिवस करत असलेली सेवा आली. दोन्ही डोळ्यांना धारा लागल्या. शेडखाली एक माणूस कोरडा राहिला नाही. अडत्याच्या थोरल्या मुलाने उठून त्यांना मिठी मारली आणि धीर दिला.

दुसऱ्या दिवशी शेजारची चंदा धावत वयनींकडे आली. तिचं माहेर धामणगावचं, त्यामुळे सगळं तिला शब्दन् शब्द कळलं होतं. तिने ते तसंच सांगितलं, डोळे पुसत. वयनी तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"मेलं कोन होतं पन?" त्यांनी विचारलं.

चंदाने डोळे पुसणं थांबवलं. "थे काई त्याहीनं सांगतलं नाई."

वयनी हसल्या. ओठ फुटले असतील, कारण लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या तपासणीला त्यांनी सांगून टाकलं, मी एकटी जाईन. देवमनरावांनी थोडी कुरकुर केली. डॉक्टरांसमोर बोलणारं कोणी हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. वयनींनी ऐकल्यासारखं केलं आणि निघून गेल्या. तेव्हापासून त्या एकट्याच जातात. खरं म्हणजे एकट्या नाहीत. दर्यापूरची हलीमाबी याच आजारासाठी याच दवाखान्यात येते. ती जीपने मूर्तिजापूरला येते आणि तिथून त्याच गाडीत चढते. दोघींची ओळख लाळेच्या पेल्यापाशी झाली होती.

मागच्या महिन्यात मी कामाने अकोल्याला निघालो होतो, तेव्हा त्याच डब्यात होतो. हलीमाबी चढली, बाटली खिडकीत ठेवली, वयनींना सरकवून बसली.

"मेरेको दात का डॉक्टर क्या बोला मालूम?" ती सांगत होती. "बोला, पान खाना छोडो. मैं पान खातीच नै. घर आके मियां को बोली, तो वो बोले, डॉक्टर झूठ थोडेच बोलेगा."

वयनी इतक्या हसल्या की दोघींनाही पाणी प्यावं लागलं. बोलणं, घोट, बोलणं, घोट असं चाललं होतं. मग हलीमाबीने विचारलं, "तुमारे साब नै आते आजकल?"

"त्याहीले आज मयत आहे," वयनी म्हणाल्या, "बडनेऱ्यात."

हलीमाबी गंभीर झाली. "कौन गया?"

"मालूम नाई. त्याहीले बी जाऊनच मालूम होईन."

अकोला आलं. गर्दीत मी मागे राहिलो. डॉक्टर आरती आता दर्यापूरला बायकांसाठी तपासणी शिबिर घेणार होत्या आणि जागा कुठली बघायची यावर या दोघींचं उतरता उतरता वाजलं होतं. हलीमाबीला उर्दू शाळा हवी होती. वयनी म्हणत होत्या, जिथं पुरुषमाणसांना आत बसायला जागा नाही अशी कुठलीही चालेल.