स्थळं बघणाऱ्या आक्का

"आधी पाणी पाजा, मग बोलू," कुठल्याही घरात शिरताना आक्का म्हणायच्या. तहान असो वा नसो. पाणी द्यायला कोण उठतं, सुनेला हाक कशी मारतात, तांब्या ठेवून ती घाईनं आत पळते की क्षणभर दारात थांबू शकते, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

लग्नं जुळवणारं असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. बारामतीत माझ्या फोटो स्टुडिओच्या शेजारी जिना चढून त्यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं. मुलामुलींना फोटोसाठी त्या माझ्याकडे पाठवायच्या. स्वतः एकट्याच राहायच्या. लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं. "माझ्यासाठी स्थळ बघायला कुणी मोकळं नव्हतं," म्हणाल्या आणि हसल्या.

सांगवी, लासुर्णे, इंदापूर, सगळीकडं त्या एसटीनं जायच्या. परत आल्या की माझ्या बाकावर टेकायच्या. "पोरगं गुणाचं हाय, पण आईपुढं तोंड उघडत न्हाय. न्हाय जमायचं." स्थळ बाद! लोक चिडायचे, आणि धाकटीच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडंच यायचे.

पुढं गुडघे दुखायला लागले. नवी केंद्रं सगळी मोबाइलवरच चालत होती. आक्कांनीही फेसबुकवर पान काढलं, जुळलेल्या लग्नांचे फोटो टाकले. बघता बघता हजारो लोक जोडले गेले. "हे बघा भाऊ, नागपूरची बाई लिहिती, आक्का तुम्ही देवमाणूस." हळूहळू एसटीनं फिरणं सुटलं. बायोडाटा, फोटो, मुलाच्या घरचा व्हिडिओसुद्धा मोबाइलवरच यायला लागला.

इंदापूरकडचं एक स्थळ असंच व्हिडिओवर पसंत पडलं. नवं घर, दारात गाडी, हसरी माणसं. मुलगी सांगवीची. तिच्या वडिलांनी विचारलं, "आक्का, घर तुमी बघितलंय न्हवं?"

"बघितलंय की."

दिवाळीला मुलगी माहेरी आली नाही. तिचा फोन काढून घेतलाय, अंगावर वळ आहेत, असं तिथल्या एका शेजारणीनं कळवलं. वडील केंद्रात आले. ओरडले नाहीत. "तुमच्या डोळ्यांवर पोरगी दिली हुती आमी," एवढंच म्हणाले.

आक्का खाली येऊन मला म्हणाल्या, "गाडी काढा."

आम्ही तिघं गेलो. सासू दारात आडवी आली. "तुमचा काय संबंध?"

"मीच दिलीय हिला हितं. मीच न्हेणार."

त्या आत गेल्या आणि मुलीचा हात धरून बाहेर आल्या. परतताना मुलगी वडिलांच्या खांद्यावर रडत होती. आक्का पुढं बसल्या होत्या. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यांनी.

त्या लग्नाचा फोटो पानावर होताच, आणि त्याखाली आशीर्वाद येतच होते. आक्कांनी तिथं लिहिलं, 'हे स्थळ मी घर न बघता दिलं. चूक माझी.' त्यालाही लोकांनी लाल बदाम दिले. पान वाढत राहिलं. जिना मात्र कुणी चढेना. सांगवीपासून लासुर्ण्यापर्यंत बातमी पोचायला मोबाइल लागला नव्हता.

जाहिरात करू, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, जे मला वळखत्यात ते येत न्हाईत. जे वळखत न्हाईत ते रोज बोलत्यात."

शेवटी खोली सोडून कन्हेरीला भावाकडं जायचं ठरलं. त्याच आठवड्यात, सोडचिठ्ठी झालेल्या त्या मुलीचं दुसरं लग्न झालं. आक्कांना बोलावणं नव्हतं. कुणीतरी टाकलेला फोटो त्यांना मोबाइलवर दिसला, तशा त्या स्टुडिओत आल्या. "तुमच्या मोठ्या पडद्यावर लावा."

नवरीकडं त्यांनी एकदाच बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या नव्या सासूचा चेहरा मोठा करायला लावला. आणखी मोठा. चेहरा फुटून नुसते ठिपके दिसायला लागले, तरी चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्याजवळ वाकून बघत होत्या.

"हसतीय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "खरंच हसतीय का, सांगा की भाऊ."

इतकी वर्षं मी लोकांना हसायला सांगून फोटो काढत आलोय. मीही त्यांच्याशेजारी वाकून बघायला लागलो.